आरपार दगड

पन्नाशी जवळ आली कीं मनुष्यानें घरदार मुलांच्या स्वाधीन करावें आणि वनाची वाट धरावी, असें आपले शास्त्रकार सांगून गेले आहेत. आम्ही त्या वयांत वनांत न जातां नेपाळांत दगड वाहावयास गेलों. सन २०१७ ची दिवाळीची सुटी होती. भाऊबीज झाली, आणि दुसऱ्याच दिवशीं आमच्या सोलापुरांतील बिऱ्हाडीं एक चमत्कारिक दृश्य दिसूं लागलें. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्याचीं पंचवीस वर्षें गेलीं आहेत असा एक चष्मेवाला गृहस्थ जाड तळाचे बूट व कातडी हातमोजे घालून दिवाणखान्यांत येरझाऱ्या घालीत आहे! नवे बूट निघण्यापूर्वीं पायांत मुरवून घ्यावे, अशी आम्हांला आलेल्या पत्रांत सक्त सूचना होती. हातमोज्यांविषयीं तशी सूचना नव्हती. ते आम्हीं केवळ उत्साहाच्या भरांत चढविले होते.

हें पत्र ज्या संस्थेचें होतें, ती देशोदेशींच्या हौशी लोकांना एकत्र करून पडझड झालेल्या गांवीं नेते आणि त्यांच्या हातून घरें बांधवून घेते. पत्रासोबत एक लांबलचक यादी होती. धनुर्वाताची सुई टोंचून घ्यावी, डॉक्टरांचा दाखला आणावा, विजेरी आणावी, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या आणाव्या, आंगठ्या-साखळ्या घरीं ठेवाव्या. सर्वांत शेवटीं एक वाक्य होतें: बांधकामाची पूर्वमाहिती असण्याची आवश्यकता नाहीं. हें वाक्य आम्हीं मोठ्या आनंदानें घरांत वाचून दाखविलें. त्यावर कुटुंबाचा अभिप्राय पडला, "भिंतीला खिळा ठोकायचा तर शेजारच्या मुलाला हांक मारावी लागते, आणि निघालेत लोकांचीं घरं बांधायला!"

याहून अवघड हल्ला कॉलेजांत झाला. वाणिज्य शाखेच्या एका सहकाऱ्यानें शिक्षकांच्या खोलींत कागद-पेन्सिल घेऊन आमच्या परोपकाराचा ताळेबंद मांडला. जाण्यायेण्याचें भाडें, संस्थेची वर्गणी, बूट, औषधें मिळून आमचा खर्च ३८,००० रुपये. आपल्या एका रुपयाला नेपाळी एक रुपया साठ पैसे या दरानें त्याचे साठ हजारांवर नेपाळी रुपये झाले. तेथें गवंड्याची दिवसाची मजुरी १,२०० धरली (हा आंकडा त्यानें आमच्याकडूनच काढून घेतला होता), तर या रकमेंत एक कसबी गवंडी पन्नास दिवस लावतां येतो. "तुम्ही बारा दिवस दगड उचलणार. मग तुम्हीच सांगा, मदतीला निघालांत कीं सहलीला?" आम्हीं 'माणुसकी', 'श्रमाची प्रतिष्ठा', 'दोन देशांचा स्नेह' असे कांहीं शब्द उच्चारून पाहिले, पण ते आमच्याच कानांना पोकळ लागले. हिशेबाला उत्तर हिशेबानेंच द्यावें लागतें, आणि तसें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. जाण्याचें खरें कारण होतें. परंतु तें शिक्षकांच्या खोलींत सांगण्यासारखें नव्हतें.

तें कारण चोवीस वर्षांमागचें. १९९३ सालच्या अनंतचतुर्दशीची ती रात्र. गणपति विसर्जून लोक उशिरां घरीं आले, निजले, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासचीं खेडीं जेथें होतीं तेथें दगडमातीचे ढीग राहिले. आम्ही त्या वेळीं नोकरीच्या दुसऱ्या वर्षांत होतों. आठवड्याभरानें विद्यार्थ्यांना घेऊन, जुन्या कपड्यांचा एक ट्रक भरून आम्ही त्या भागांत गेलों. रस्त्याच्या कडेला आमच्या आधीं आलेल्या कपड्यांचे ढीग भिजत पडले होते व त्यांना कोणी हात लावीत नव्हतें. त्यांतच आम्हीं आपला ढीग घातला. एका खेड्यांत एक म्हातारा शेतकरी ढिगाऱ्याखालून आपल्या घराची तुळई एकटाच ओढून काढीत होता. आम्हांला पाहून तो म्हणाला, "सायेब, जरासा हात लावा कीं." आम्हीं घड्याळाकडे पाहिलें. ट्रक परत निघण्याची वेळ झाली होती, अंगांत पांढरा सदरा होता, आणि तुळई मोठी होती. "आतां माणसं पाठवतों," असें आम्ही म्हणालों. माणसें आम्हीं पाठविलीं नाहींत. कोणतीं माणसें पाठविणार होतों, हेंहि आम्हांला ठाऊक नव्हतें.

पुढें २५ एप्रिल २०१५ रोजीं नेपाळांत भूकंप झाला तेव्हां वर्तमानपत्रांतील वेळ वाचून आम्ही दचकलों: ११ वाजून ५६ मिनिटें. मिनिटें तींच, प्रहर तेवढा निराळा. नेपाळांत साप्ताहिक सुटी शनिवारीं असते, आणि तो दिवस शनिवारचा होता. त्यामुळें शाळा रिकाम्या होत्या व पुष्कळ माणसें शेतांत होतीं. किल्लारीचा भूकंप ६.२ प्रतीचा, नेपाळचा ७.८ प्रतीचा, शक्तीच्या हिशेबानें दुसरा पहिल्याच्या दोनशें पटींहून मोठा. तथापि तेथें माणसें गेलीं सुमारें नऊ हजार आणि आपल्याकडे आठ ते दहा हजार. प्रहराचा हा फरक! पण मरणाचें साधन दोन्हीकडे एकच होतें. चिखलांत रचलेल्या दगडी भिंतींखालीं माणसें सांपडलीं.

पुस्तकी मनुष्याची तयारी पुस्तकांनींच व्हावयाची. निघण्यापूर्वींच्या महिन्यांत आम्ही जिने चढण्याचा व्यायाम आठ दिवस केला व नंतर सोडून दिला. वाचन मात्र नेटानें चालविलें. त्यांत पिएर सेरेसोल या स्विस इंजिनिअराची भेट झाली. याचे वडील स्वित्झर्लंडचे अध्यक्ष होऊन गेलेले. १९२० सालीं, महायुद्धांत उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दनजवळच्या एस्न नांवाच्या खेड्यांत त्यानें कांहीं मित्रांना घेऊन घरें उभारण्यास आरंभ केला; त्या मित्रांत जर्मनहि होते, आणि पुढें तें गांवाला खपलें नाहीं. परक्या देशीं जाऊन फुकट घरें बांधण्याचें हें खूळ मोठ्या प्रमाणावर तेथून पसरलें. हाच सेरेसोल १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर आपल्या बिहारांत आला आणि तेथील खेडीं पुन्हां वसविण्यासाठीं राबला. त्या भूकंपाचा उगम पूर्व नेपाळांतच होता. अस्पृश्यतेच्या पापाचें हें फळ होय कीं नव्हे, असा गांधीजी व रवींद्रनाथ यांचा वाद झाला तो याच भूकंपावरून. थोर माणसें भूकंपाचा अर्थ शोधीत होतीं आणि हा परका इंजिनिअर पाया खणीत होता, असें लिहिण्याचा आम्हांला मोह होतो. पण तें अन्यायाचें होईल, कारण गांधीजी स्वतः त्या वर्षीं बिहारांतल्या पडक्या गांवांतून हिंडले होते. असो. सेरेसोलच्या चरित्रानें आम्हांला धीर आला, पण तो इंजिनिअर होता ही गोष्ट आम्ही सोयिस्करपणें विसरलों.

पुण्याहून गोरखपूर, गोरखपुराहून मोटारीनें सोनौली, आणि तेथें एका कमानीखालून चालत गेलें कीं परदेश. पासपोर्ट लागत नाहीं. आमच्या खिशांतील मतदाराचें ओळखपत्र पाहण्याचीहि कोणास इच्छा दिसली नाहीं, त्यामुळें परदेशगमनाचा जो थोडा अभिमान वाटावयाचा तोहि वाटला नाहीं. फक्त घड्याळ पंधरा मिनिटें पुढें करावें लागलें. आणि दुकानावरच्या दिनदर्शिकेंत पाहिलें तों विक्रम संवत् २०७४ चालू होता. पंधरा मिनिटांत सत्तावन्न वर्षें पुढें गेल्यावर माणसाला थकवा येणारच. तो पुढील प्रवासांत आला.

आमचें गांव नुवाकोट जिल्ह्यांत, त्रिशूली नदीच्या खोऱ्यावर एका उतरणीला होतें. भूकंपानें ज्या चौदा जिल्ह्यांची अधिक हानि केली त्यांपैकीं हा एक. जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यावर सात मजल्यांचा जुना राजवाडा आहे. तोहि भूकंपानें जायबंदी झालेला आम्हीं जातां जातां पाहिला. वस्ती बहुतेक तामांग लोकांची. उतरणीवर पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें, त्यांत कापणीला आलेला भात आणि कोदो. कोदो म्हणजे आपली नाचणी. तिची उकड तेथें ढिंडो या नांवानें खातात. आम्हीं ती मागून घेतली तेव्हां वाढणारी बाई हंसली. कारण पाहुण्याला भात वाढावा, ढिंडो घरच्यांनीं खावा, अशी तेथील समजूत. आपल्याकडच्या भाकरीची कथा याहून निराळी नाहीं.

घर बांधावयाचें होतें तें एका वृद्ध विधवेचें. तिला सर्व गांव आमा म्हणे. आमा आणि तिचा दहा वर्षांचा नातू अडीच वर्षें पत्र्याच्या खोपटांत राहत होतीं. नेपाळ सरकार प्रत्येक पडलेल्या घरामागें तीन लाख नेपाळी रुपये देत असे, पण तेहि तीन हप्त्यांनीं: आरंभीं पन्नास हजार, जोतें नियमाप्रमाणें झालेलें इंजिनिअरनें पाहिलें कीं दीड लाख, आणि भिंती छपरापर्यंत गेल्या कीं उरलेले एक लाख. तीन लाख म्हणजे आपले एक लाख सत्त्याऐंशी हजार. डोंगरावर सिमेंटचें एक पोतें पोंचेपर्यंत त्याची किंमत काय होते हें पाहिलें म्हणजे या रकमेंत घर कसें व्हावें याचें आश्चर्य वाटतें. आमाचें जोतें झालें होतें, दुसरा हप्ता मिळाला होता. पण पुढें काम अडलें होतें, कारण गांवांत पुरुषच नव्हते. तरणे लोक कतारला, मलेशियाला. परक्यांचे मनोरे बांधून ते जो पैसा पाठवीत, त्यावर गांव जगत होतें. मात्र त्यांचीं स्वतःचीं घरें बांधावयास कोणी उरलें नव्हतें.

आमचा डकर्मी, म्हणजे गवंडी, एक बाई होती. वय तिशीच्या आंतबाहेर. नवरा कतारला. भूकंपानंतर नवशिक्यांना गवंडीकाम शिकविण्याचे पन्नास दिवसांचे वर्ग निघाले होते. त्यांत शिकून तिनें तोंवर चार घरें बांधलीं होतीं. हिंदी ती सिनेमाच्या कृपेनें बोले. आमच्या टोळींत एक निवृत्त इंग्रज परिचारिका, दोन जपानी विद्यार्थी, केरळांतला एक बँकेचा नोकर असे सातजण होतों; आम्ही शिक्षक आहों हें कळतांच आम्हांला 'सर' ही पदवी मिळाली, आणि कामांतली आमची गति पाहूनहि तिनें ती काढून घेतली नाहीं. आम्ही तिला बहिनी म्हणूं लागलों. तेथें धाकट्या बहिणीला असेंच म्हणतात.

पहिले तीन दिवस ओझ्याचे. दगड खालच्या ओहोळापासून वर आणावयाचे. डोको नांवाची बांबूच्या विणीची निमुळती टोपली पाठीवर घेऊन तिचा पट्टा कपाळाला लावतात. सारा भार मानेवर येतो. आम्ही पहिल्या दिवशीं सहा खेपा केल्या आणि सातव्या खेपेला बसलों ते उठलों नाहीं. त्याच वाटेनें आमाचा नातू शाळेंतून येऊन, दप्तर टाकून, दोन खेपा करून खेळावयास गेला. रात्रीं अंग इतकें ठणके कीं निजणें आणि जागणें यांत भेद राहिला नाहीं. कातडी हातमोजे दुसऱ्या दिवशीं फाटले.

चौथ्या दिवशीं आम्हांला भिंतीवर चढविण्यांत आलें. दगड निवडावा, चिखलाच्या थरावर बसवावा, फट राहिली तर कपची मारावी, ओळंबा लावून पाहावा. हें काम आम्हांला फारच आवडलें. बाहेरच्या अंगाला सपाट, देखणे दगड लावून आम्हीं सायंकाळपर्यंत दीड हात उंचीचा, चार हात लांबीचा पट्टा रचला आणि दहा पावलें मागें जाऊन तो न्याहाळला. निबंधाचा पहिला परिच्छेद साधल्यावर जें सुख होतें तें आम्हांला झालें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं येऊन पाहतों तों आमचा पट्टा नाहींसा! दगड ओळीनें खालीं मांडून ठेवलेले, आणि बहिनी पुन्हां पहिल्या थरापासून रचीत होती. आमचा चेहरा पाहून ती म्हणाली, "सर, वो एक दीवाल नहीं था. दो दीवाल था."

मग तिनें जें समजाविलें तें असें. दगडी भिंतीला दोन अंगें असतात, बाहेरचें व आंतलें. प्रत्येक अंगाचे दगड वेगळे. मध्यें बारीक दगड व माती यांची भर. उभी असतांना ती एक भिंत दिसते. जमीन हलली कीं दोन्ही अंगें एकमेकांपासून सुटतात. आंतलें आंत पडतें, बाहेरचें बाहेर, आणि वरचें ओझें मधल्या माणसांवर. म्हणून भिंतीच्या जाडीइतका लांब, दीड फुटी दगड आडवा टाकावयाचा. त्याचें एक तोंड आंत दिसलें पाहिजे, एक बाहेर. हा आरपार दगड दर दोन फूट उंचीला व दर चार फूट अंतराला हवाच. शिवाय खिडकीच्या खालीं, वर आणि छपराशीं लाकडी पट्टा साऱ्या भिंतींभोंवतीं फिरवावयाचा, म्हणजे चारी भिंती एका पेटीसारख्या बांधल्या जातात. छप्पर पत्र्याचें, हलकें. आमच्या पट्ट्यांत देखणे दगड पुष्कळ होते. आरपार गेलेला एकहि नव्हता. तसा दगड ओबडधोबड असतो, त्याचीं दोन्ही तोंडें बरीं नसतात. म्हणून आम्हीं ते सारे बाजूला टाकून दिले होते.

एका सायंकाळीं आम्हीं तिला आमच्या सहकाऱ्याचा हिशेब सांगितला. लपविणें बरें वाटेना. तिनें तो शांतपणें ऐकला, आणि पन्नास दिवसांची मजुरी हा आंकडा पुन्हां विचारून घेतला. "पैसा आता तो अच्छा था," ती म्हणाली. आम्ही ओशाळलों. मग थोड्या वेळानें म्हणाली, "लेकिन पैसा पत्थर नहीं उठाता. उठानेवाला चाहिए." आम्हांला हायसें वाटतें न वाटतें तोंच तिनें पुढें जोडलें, "आप लोग बहुत धीरे उठाते हैं." ताळेबंद आहे तो असा आहे, वाचकांनीं त्यांतून हवें तें घ्यावें.

तिनें मग सहज विचारलें, सरांचें घर कसें आहे? सोलापुरांतल्या सिमेंटच्या बिऱ्हाडाचें तिला कौतुक वाटलें नाहीं, म्हणून आम्हीं गांवाकडच्या वाड्याचें वर्णन केलें. तुळजापूर तालुक्यांतला आमच्या आजोबांनीं बांधलेला वाडा. काळ्या दगडाच्या, मातींत रचलेल्या हात-दोन हात जाडीच्या भिंती. वर सागवानी तुळयांचें माळवद आणि त्यावर फूटभर माती. उन्हाळ्यांत काय थंड असतें! थोरला भाऊ, वहिनी, पुतण्या, त्याचीं मुलें, सगळीं तेथेंच राहतात. वर्णन रंगांत आलें होतें. तिनें मध्येंच विचारलें, "आरपार पत्थर है?"

आम्हांला ठाऊक नव्हतें. किल्लारीच्या पहाटे त्या वाड्याचा ईशान्येचा कोपरा तडकला होता. भावानें त्यांत माती भरून वर गिलावा दिला होता. जुने कपडे घेऊन आम्ही ज्या रस्त्यानें त्या वेळीं गेलों, तोच रस्ता थोडा वळवला तर आमच्या गांवाला जातो. चोवीस वर्षांत दर दिवाळीला आम्ही त्या माळवदाखालीं निजलों होतों. तो प्रश्न आम्हांला विचारण्यासाठीं हिमालयाच्या पायथ्याची एक बाई लागली.

बारा दिवसांनीं आम्ही परतलों तेव्हां आमाच्या घराच्या भिंती खिडकीच्या वरच्या पट्ट्यापर्यंत आल्या होत्या. छप्पर आम्हीं पाहिलें नाहीं. पुढें माघांत त्याचें चित्र केवळ फोनवर आलें. निघतांना आमानें भाजलेल्या मक्याचे दाणे पदरांतून काढून आमच्या ओंजळींत घातले. आम्ही सोलापूरला न थांबतां सरळ गांवीं गेलों.

दादानें सारें ऐकून घेतलें. "आज्यानं बांधलेला वाडा हाय. किल्लारीत पडला न्हाई, आतां कशाला पडतोय?" आम्हीं जास्त न बोलतां गोठ्याच्या मागच्या भिंतींतला एक दगड पहारेनें सैल करून काढला. मागें मातीचा ओघ सुरू झाला. ती थांबल्यावर आम्हीं पोकळींत हात घातला. तो कोपरापर्यंत गेला आणि आंतल्या दगडाच्या पाठीला लागला. मधल्या जागेंत नदींतले गोल गोटे आणि भुसभुशीत माती. दादानेंहि हात घालून पाहिला. बराच वेळ तो हात त्यानें बाहेर काढला नाहीं. मग म्हणाला, "हे शिकायला नेपाळला जावं लागलं व्हय रं? किल्लारी काय लंडनला हाय?"

याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि तें अधिकच झोंबलें, कारण यावरचा उपाय किल्लारीनंतर आपल्याकडेच सांगितला गेला होता. भिंतीला आरपार भोंक पाडावें, त्यांत दोन्ही टोंकांना वांकविलेली लोखंडी सळई घालावी आणि तें काँक्रीटनें भरावें. आरपार दगड तयार झाला. माळवदावरची माती कमी करून ओझें उतरवावें. आम्हीं त्या पुस्तिका कॉलेजच्या ग्रंथालयांत कधींकाळीं पाहिल्याहि होत्या.

२०१८ च्या उन्हाळ्यापासून काम चालू आहे. पहिल्या वर्षीं माळवदाची निम्मी माती उतरविली. ती घमेल्यांनीं खालीं आणण्याच्या कामीं आमची डोकोची संवय उपयोगीं पडली, तरी पुतण्या आमच्याहून दुप्पट नेई. करोनाचे दोन उन्हाळे फुकट गेले. गवंडी मिळतो तेव्हां दादाला सवड नसते, दादाला सवड असते तेव्हां गवंडी उसाच्या कारखान्यावर गेलेला असतो. जिच्या आंतल्या अंगाला मुलें निजतात ती पूर्वेची भिंत आम्हीं आधीं धरली. ती झाली, दक्षिणेची झाली, पश्चिमेची गेल्या वर्षीं झाली. उत्तरेच्या भिंतींत अजून अकरा भोंकें पाडावयाचीं आहेत. सळया वांकवून आणून ठेवल्या आहेत.